बैठक मोडण्याविषयी



सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांत थंडीच्या दिवसांत जंबेरीच्या रोपांवर संत्र्याचे डोळे बांधण्याचे काम चालते, तेव्हा दोन प्रकारचे बसणारे एकाच ठिकाणी पाहावयास मिळतात. एक कलम बांधणारा. तो उकिडवा बसून खुंटाच्या सालीला इंग्रजी टी अक्षरासारखा छेद देतो, त्यात अलगद डोळा सरकवितो, वरून पट्टी आवळतो आणि लगेच पुढच्या रोपाकडे सरकतो. दुसरा हिशेबनीस, एकदा खुर्चीवर बसला की रोपांची मोजदाद, मजुरांची हजेरी आणि गिऱ्हाइकांची उधारी यांच्या वहीतून दुपारच्या भाकरीखेरीज तो मान वर काढीत नाही. दिवस मावळताना पहिल्याची कंबर धरलेली असते, हे खरेच. परंतु कपाळाला आठ्या घालून कुणावर तरी खेकसण्याचा मान बहुधा दुसऱ्याकडे जातो.

या चिडचिडीचे खापर आपण आकडेमोडीवर फोडून मोकळे होतो. ते काही अंशी बैठकीवरही फुटावयास हवे, असे म्हणण्यास आता आधार मिळाला आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो येथील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, एरवी बैठे जीवन कंठणाऱ्या ३० प्रौढांना एके दिवशी सहा तास नुसते बसविले, एके दिवशी सकाळीच अर्धा तास चालवून मग बसविले, आणि एके दिवशी तोच अर्धा तास दर तासाला पाच मिनिटे असा वाटून दिला. अंगातील हुशारी दोन्ही रीतींनी वाढली. परंतु चित्त प्रसन्न राहणे, दिवस कलताना येणारी मरगळ ओसरणे आणि सारखे काहीतरी तोंडात टाकण्याची वासना मंदावणे, हे लाभ वाटून दिलेल्या चालण्याच्या पदरी पडले. बुद्धीच्या कसोट्यांत मात्र उल्लेखनीय अंतर आढळले नाही, आणि हेही श्रोत्यांना सांगितलेच पाहिजे. नाहीतर चार पावले टाकताच प्रतिभा जागृत होते, असे सांगणाऱ्या वैदूंची आपल्याकडे वाण नाही.

तथापि मेंदूचा आणि बैठकीचा मुळीच संबंध नाही, असेही नव्हे. इंग्लंडातील लिव्हरपूल येथील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, कचेरीत काम करणाऱ्या १५ निरोगी माणसांच्या मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह चार तासांच्या अखंड बैठकीने मंदावला. दर अर्ध्या तासाला दोन मिनिटे चालल्याने ही घट टळली. दर दोन तासांनी आठ मिनिटे चालून ती टळली नाही. म्हणजे चालण्याची बेरीज तीच, वाटणी तेवढी निराळी.

म्हणून पहाटे रस्त्यावर फेरफटका मारून आलेल्या, आणि वर्षाचा शेतसारा एकरकमी भरल्याच्या थाटात नंतर दिवसभर गादीवरून न हलणाऱ्या सद्गृहस्थांनी थोडी शंका बाळगावी. त्यांचे फिरणे व्यर्थ नव्हे. ते पुरे पडत नाही, इतकेच.

खरी अडचण शरीराची नसून रिवाजाची आहे. आपल्या दफ्तरांत आणि दुकानांत जागेवरून उठणे हे कामचुकारपणाचे लक्षण समजले जाते, आणि मालकाची नजर चुकवून उठणाऱ्याला त्या उठण्यापासून कसली प्रसन्नता लाभणार? तेव्हा मालकांनीच हुकूम काढावा, की हिशेबनिसाने मजुरांच्या तोंडचा आकडा बसल्या जागी न टिपता, दर तासाला वाफ्यात जाऊन बांधलेली रोपे आपल्या डोळ्यांनी मोजावी. वहीतला आकडा आणि वाफ्यातला आकडा जुळत नाही, या जुन्या तक्रारीचाही त्यात परस्पर निकाल लागेल.