गोटी, उतार आणि पहिला धक्का



आपण १९९८ च्या मार्चमध्ये दहावीची परीक्षा दिली तेव्हा आपलं पोहरादेवी अकोला जिल्ह्यात होतं. वाशिम जिल्हा झाला तो त्या वर्षीच्या जुलैत. इतकी वर्षं झाली, तरी नववीतला एक तास मला स्पष्ट आठवतो.

सरांनी विचारलं होतं, उतारावर एक गोटी नुसती सोडली आणि दुसरी ढकलून दिली, तर त्वरण कोणाचं जास्त? मी तडक उभी राहिले. "ढकललेलीचं, सर. ती जोरात पळते ना!" सर "चूक" म्हणाले नाहीत. म्हणाले, "मोजून दाखव."

मग आठ फुटी फळी आली. तिला मधोमध खाच होती. एका टोकाखाली विटा रचल्या. स्टॉपवॉच कुठलं? आपल्यातला एक जण लग्नात नगारा वाजवायचा. त्याने बाकावर सेकंदाला दोन असे ठोके धरले. बाकीचे खडू घेऊन फळीशी बसलो आणि प्रत्येक ठोक्याला गोटी असेल तिथे खूण केली. (तो ठोकेवाला आज तिसऱ्या रांगेत बसून हसतोय.)

नुसती सोडलेली गोटी एकेका ठोक्यात साधारण १५, ४५, ७५, १०५ सेंटिमीटर गेली. ढकललेली गेली ४०, ७०, १००. मापं दोन-चार सेंटिमीटर इकडेतिकडे व्हायचीच. सर म्हणाले, "आता वजाबाकी करा." दोन्हीकडे उत्तर आलं ३०! दर ठोक्याला होणारी वाढ सारखीच होती. हात सुटेपर्यंतच धक्का असतो. त्यानंतर गोटीला ओढतो तो फक्त उतार. सुरुवातीचा वेग वेगळा, त्वरण तेच. अशीच खाचेची फळी आणि काशाचा गोळा घेऊन, पाण्याच्या घड्याळावर वेळ मोजत गॅलिलिओने उतारावरची ही सारखी वाढ पाहिली होती आणि १६३८ च्या ग्रंथात लिहिली होती, हे मला नंतर कळलं.

मुंबईला जाताना इगतपुरी ते कसारा हा घाट आपण सगळ्यांनी झोपेत उतरलेला आहे. तिथला चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटरला १ मीटर. घर्षण आणि हवेचा विरोध सोडून दिला, तर ब्रेक नसलेल्या गाडीचा वेग तिथे दर सेकंदाला ताशी जवळजवळ एक किलोमीटरने वाढेल. थांबलेली गाडी सुटली तर मिनिटभरात ताशी ५७ वर जाईल. ताशी ३० ने उतारावर आलेली ८७ वर. दोघींची वाढ ५७ च. उतार माणसाला बदलता येत नाही, म्हणून गाडी उतारावर कोणत्या वेगाने येते हे सांभाळावं लागतं.

इंजिनिअरिंगला गेले तेव्हा वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी कॉम्प्युटर होता. मी पहिल्यांदा हात लावला तो कॉलेजच्या लॅबमध्ये. पहिल्या सत्रात प्रोग्रामिंगमध्ये नापास झाले. तेव्हा ही फळी आठवून मी स्वतःला समजवायचे, उतार सगळ्यांना सारखाच आहे, त्वरण सारखंच आहे. त्या समजुतीने मी टिकले.

पण ते अर्धंच सूत्र होतं, हे मला फार उशिरा कळलं. त्वरण सारखं असलं तरी वेगातला फरक शेवटपर्यंत तसाच राहतो, आणि अंतर वाढतच जातं. घाटातल्या त्या दोन गाड्याच बघा. पहिल्या मिनिटात एक सुमारे अर्धा किलोमीटर जाते, दुसरी सुमारे एक. दुसऱ्या मिनिटाअखेर त्यांच्यात एक किलोमीटर पडलेला असतो. मागच्या गाडीचा यात काही दोष नसतो. मी ते अंतर कापलं, पण त्यासाठी इतरांपेक्षा रोज जास्त तास बसावं लागलं, आणि माझ्यासोबतच्या सगळ्यांना ते जमलं नाही.

म्हणून आजच्या मुलांना "मेहनत करा, सगळं होईल" एवढंच सांगून मला उतरावंसं वाटत नाही. त्यांना पहिला धक्का आपण देऊ शकतो. मी सोबत एक खाचेची फळी, गोट्या आणि दोन स्टॉपवॉच आणली आहेत. ती प्रयोगशाळेला देते. दरवर्षी सुट्टीत चार दिवस येऊन नववीच्या मुलांना कॉम्प्युटर शिकवेन. आपणही ज्याला जे येतं ते घेऊन या.

आणि सर, तेव्हा मला "चूक" म्हणाला नाहीत, त्याबद्दल आभार मानायचे राहिले होते. ते आज मानते.