एका प्याद्याचा हिशेब



कामगारांच्या सभांतून बोलणाऱ्या माणसाने बुद्धिबळावर काय बोलावे, असे कोणाला वाटेल. पण ज्या खेळात प्यादी सर्वांच्या पुढे उभी असतात, त्याविषयी आम्हांलाही थोडे बोलता येते.

२०२५ च्या जुलैत जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांच्या विश्वचषकाची अंतिम लढत झाली. समोरासमोर दोघी भारतीय. एक नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख, दुसऱ्या ३८ वर्षांच्या कोनेरू हंपी. हंपी २००२ साली ग्रँडमास्टर झाल्या, तेव्हा दिव्याचा जन्मही झालेला नव्हता.

पहिल्या डावात पांढरी मोहरी दिव्याकडे होती. सुरुवात क्वीन्स गॅम्बिटची. यात वजिराच्या बाजूच्या उंटापुढील प्यादे पांढरा आपण होऊन मारास ठेवतो. हंपींनी ते घेतले.

नवशिक्याला वाटते, प्यादे फुकट गेले. तसे नाही. ते घेताना काळ्याचे मधले प्यादे बाजूला जाते आणि पटाचा मध्य पांढऱ्याला मोकळा होतो. काळा लोभाने दुसऱ्या प्याद्याचा आधार देऊन ते राखू लागला, तर पांढरा कडेच्या प्याद्याने तो आधार फोडतो, वजीर कोपऱ्यातल्या हत्तीवर रोखतो आणि काळ्याचे मोठे मोहरे जाते. म्हणून जाणता खेळाडू प्यादे परत देतो आणि तेवढ्या अवधीत आपली मोहरी बाहेर काढतो. संपात मजुरी सोडणारा कामगार हा हिशेब ओळखतो. काय दिले, यापेक्षा देऊन कोणती जागा हाती आली, हे पाहायचे असते.

तो डाव बरोबरीत सुटला, दुसराही सुटला. २८ जुलैला जलद डाव झाले. त्यांतला पहिला बरोबरीत गेला. दुसरा काळ्या मोहऱ्यांनी खेळून दिव्याने जिंकला. विश्वचषक तिचा झाला आणि ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर ठरली. त्या ८८ जणांत स्त्रिया चारच!

याचे कारण बुद्धीत शोधू नका, घड्याळात शोधा. आठ तास काम, आठ तास विश्रांती, आठ तास स्वतःचे, ही कामगारांची जुनी मागणी. यांतले तिसरे आठ तास घरातल्या बायकांपर्यंत पोचले काय? मुलगा पटाशी बसला की घर हळू बोलते. मुलगी बसली की स्वयंपाकघरातून हाक येते. डावांचा अभ्यास सलग तासांत होतो, दोन हाकांमधल्या फटीत होत नाही.

तेव्हा माझे मागणे एवढेच, की एक प्यादे घराने द्यावे. संध्याकाळचे दोन तास मुलीला हाक मारू नये. भाकरी बापाने नाही तर भावाने थापावी. पहिल्या पहिल्याने ती वाकडी होईल, पण दिलेले प्यादे फुकट जाणार नाही.