माहेरी राहूनही पोटगीचा अर्ज

आदिलाबाद जिल्ह्याच्या बेला, जैनद भागातल्या कितीतरी लेकी पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात नांदतात. संसार मोडून माहेरी आलेल्या लेकीला वाटतं, पोटगीसाठी आता सासरच्या कोर्टात चकरा मारायच्या. तसं मुळीच नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खालचा अर्ज ती राहते तिथे, म्हणजे आदिलाबाद जिल्ह्यातही करता येतो. अंतरिम पोटगीचा निर्णय नोटीस पोचल्यापासून शक्यतो 60 दिवसांत व्हावा, असं कायदाच सांगतो.

आणि वकिलाची फी? 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं प्रत्येक स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील दिलाय, आदिवासींनाही. हे उपकार नव्हेत, हक्क आहे. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, नाहीतर 15100 वर फोन करा.