तांबडी खिडकी



दूरच्या संगणकावर घरबसल्या काम करायचं तर त्यासाठी कोणता टर्मिनल प्रोग्रॅम घ्यावा आणि तो कसा लावून घ्यावा, याबद्दल आज बोलणार आहे. विषय जरा कोरडा वाटेल, म्हणून आधी माझ्याच हातून झालेला घोटाळा सांगतो.

तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयाचं संगणकाचं काम मी पुण्यात बसून पाहतो. पुस्तकांची यादी, सभासद, कोणी कोणतं पुस्तक नेलं, हे सगळं एका सर्व्हरवर असतं. त्याच्या जोडीला सरावासाठी दुसरा एक सर्व्हर आहे. काही नवीन करायचं असलं की आधी तिथे करून बघायचं. एका रात्री दोन्हींच्या खिडक्या पडद्यावर शेजारी शेजारी उघड्या होत्या. दोन्ही काळ्या, दोन्हींत करडी अक्षरं. सरावाच्या सर्व्हरवरची जुनी माहिती पुसायची आज्ञा मी टाइप केली, एंटर दाबलं, आणि मग लक्षात आलं की खिडकी चुकली.

इथे ‘रिसायकल बिन’ नसतो. पुसलं म्हणजे पुसलं. शेवटचा बॅकअप आठ दिवसांपूर्वीचा होता. सकाळी ग्रंथपाल बाईंना फोन केला. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “सर, देवघेवीची वही मी अजून बंद केलेली नाही.” त्या वहीवरून आम्ही दोन दिवस बसून सगळ्या नोंदी पुन्हा भरल्या. आता ही वही कशाला, बंद करा, असं मीच त्यांना तीनदा सांगितलं होतं.

तेव्हापासून मी प्रत्येक टर्मिनल प्रोग्रॅमला एकच प्रश्न विचारतो. या क्षणी मी कोणत्या यंत्राशी बोलतो आहे, हे मला नक्की कळतंय का?

टर्मिनल म्हणजे पूर्वी खरोखरच एक वस्तू असायची, पडदा आणि कळफलक असलेली. १९७८ साली डिजिटल इक्विपमेंट या अमेरिकन कंपनीने व्हीटी-१०० नावाचं टर्मिनल काढलं. ८० अक्षरांची ओळ आणि अशा २४ ओळी. आजचे टर्मिनल प्रोग्रॅम त्याचीच नक्कल करतात. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने इंटरनेट लोकांसाठी खुलं केलं, तेव्हा विद्यार्थ्यांना स्वस्तात मिळणारं खातं असंच नुसत्या अक्षरांचं होतं. मोडेमची किर्रकिर्र थांबली की काळ्या पडद्यावर नाव आणि पासवर्ड विचारला जाई. विंडोजमध्ये तेव्हा हायपरटर्मिनल फुकट यायचं. एक्सपीनंतर ते काढून टाकलं गेलं.

त्या काळी दूरच्या यंत्राशी बोलायची सर्रास पद्धत म्हणजे टेलनेट. त्यात पासवर्डसुद्धा उघडा जायचा, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा. वाटेत बसलेल्या कोणालाही तो वाचता येई. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर १९९५ साली अशीच पासवर्डांची चोरी झाली. तेव्हा तिथल्या तातू यलॉनेन यांनी एसएसएच ही पद्धत तयार केली. यात सगळं संभाषण सांकेतिक होऊन जातं. त्यामुळे निवडीचा पहिला नियम सोपा आहे. प्रोग्रॅम एसएसएच वापरणारा हवा. इंटरनेटवरून टेलनेटने सर्व्हरवर जायचं नाही.

माझी स्वतःची निवड म्हणजे पुट्टी. भिंतीला लावतात ती नव्हे! सायमन टॅथम या इंग्रज प्रोग्रॅमरने लिहिलेला हा प्रोग्रॅम १९९९पासून लोकांना फुकट मिळतो. आकाराने अगदी लहान, जुन्या संगणकावरही चालतो. पण उतरवून घेताना त्याच्या कर्त्याच्याच पानावरून घ्यावा. पुट्टीच्या नावाखाली पासवर्ड चोरणारी बनावट प्रत पसरवल्याचे प्रकार झालेले आहेत. विंडोज १०मध्ये २०१८पासून एसएसएच आतच मिळतो, काळ्या खिडकीत आज्ञा देऊन वापरता येतो. लिनक्स आणि मॅकवर तो आधीपासून आहे. त्यामुळे पुट्टीच हवा असं मुळीच नाही. मला त्याची सवय आहे, आणि प्रत्येक यंत्राची मांडणी वेगळी साठवता येते, हे माझं कारण.

या साठवण्यात नवखा माणूस हमखास फसतो. पुट्टी उघडला की डावीकडे विषयांची यादी दिसते. आपण तिथे जातो, अक्षर मोठं करतो, रंग बदलतो आणि सरळ ‘ओपन’ दाबतो. दुसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत! बदल केल्यावर पुन्हा पहिल्या ‘सेशन’च्या पानावर यायचं, नाव द्यायचं आणि ‘सेव्ह’ दाबायचं. मगच ‘ओपन’.

आता रंग. माझ्या खऱ्या सर्व्हरच्या खिडकीची पार्श्वभूमी गडद तांबडी आहे, सरावाच्या सर्व्हरची हिरवी. सौंदर्यदृष्टी म्हणाल तर शून्य. खिडकीच्या माथ्यावर यंत्राचं नावही मी स्वतः दिलं आहे. सर्व्हर ते नाव परस्पर बदलू शकतो, म्हणून ‘टर्मिनल’ विषयाखालच्या ‘फीचर्स’मध्ये जाऊन ती मुभा बंद केली.

आपली वीज आणि आपलं नेट बेभरवशाचं. शिवाय थोडा वेळ काही टाइप केलं नाही की मधलं एखादं यंत्र जोडणी तोडून टाकतं. ‘कनेक्शन’ विषयात ‘कीपअलाइव्ह’ची चौकट असते, तिथे मुळात शून्य असतं. मी ३० लिहितो, म्हणजे दर तीस सेकंदांनी एक छोटी हाक जात राहते. पण वीजच गेली तर? त्यावर उपाय पुट्टीत नाही, सर्व्हरवर आहे. तिथे ‘स्क्रीन’ किंवा ‘टीमक्स’ हा प्रोग्रॅम चालू करून त्याच्या आत काम करायचं. जोडणी तुटली तरी काम चालू राहतं, वीज आली की जिथे होतो तिथे परत जाऊन बसता येतं.

माउसची उजवी कळ इथे चिकटवण्याचं काम करते, आणि मजकूर नुसता निवडला तरी त्याची नक्कल होते. कंट्रोल-सी दाबाल तर नक्कल होणार नाही, चालू काम थांबेल. चिकटवलेल्या मजकुराच्या शेवटी नवी ओळ असेल तर आज्ञा लगेच अमलात येऊ शकते. म्हणून मी आधी नोटपॅडमध्ये चिकटवून वाचतो.

मराठीचं काय, असं वाचनालयवाले नेहमी विचारतात. ‘ट्रान्सलेशन’ विषयात यूटीएफ-८ निवडलेलं असावं, नाहीतर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. ते निवडूनही वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटलेली दिसू शकतात. व्हीटी-१००चा वारसा हा असा, प्रत्येक अक्षराला सारख्या मापाचं घर. ‘क्ष’ आणि ‘स्त्री’ त्या घरात कसे मावणार? पडद्यावर विस्कटलं तरी सर्व्हरवरची माहिती शाबूत असते, एवढा दिलासा.

पहिल्यांदा जोडणी करताना पुट्टी एक प्रश्न विचारतो. या यंत्राची ओळख मला नाही, त्याचा ठसा असा असा आहे, विश्वास ठेवू का? बहुतेक जण न वाचता होकार देतात. मीही कित्येक वर्षं देत होतो. खरं म्हणजे सर्व्हर ज्यांच्याकडे आहे त्यांना फोन करून तो ठसा पडताळून घ्यायचा असतो. शेवटची सहा-सात अक्षरं नव्हे, सगळी. पुढे कधी ठसा बदलल्याचा इशारा आला, तर एक तर यंत्र नव्याने बसवलेलं असतं किंवा मध्ये कोणीतरी शिरलेलं असतं. कोणतं ते फोन केल्याशिवाय कळत नाही.

पासवर्डऐवजी किल्ल्यांची जोडी करून घ्यावी, ती पुट्टीसोबतच्या ‘पुट्टीजेन’ने होते. खासगी किल्लीला परवलीचं वाक्य लावा आणि ती ईमेलने कोणालाही पाठवू नका, मलाही! आणि प्रोग्रॅम अद्ययावत ठेवा. एप्रिल २०२४मध्ये उघड झालं की ०.६८ ते ०.८० या आवृत्त्यांत ५२१ बिटांची ईसीडीएसए जातीची किल्ली वापरली, तर सुमारे साठ सह्यांवरून खासगी किल्ली हुडकता येते. ०.८१मध्ये ही चूक दुरुस्त झाली. पण त्या जातीची किल्ली आधी वापरली असेल, तर नुसता प्रोग्रॅम बदलून भागत नाही, किल्लीच टाकून द्यावी लागते.

परवा ग्रंथपाल बाई पुण्याला आल्या होत्या. माझ्या पडद्यावरची तांबडी खिडकी पाहून त्यांनी विचारलं, “सर, हा आपला का?” मी हो म्हटलं. बॅकअप आता रोज रात्री होतो. बाईंची वही अजून चालू आहे, आणि ती बंद करा असं मी म्हणत नाही.