राखीव आसन आणि खिडकीतला रुमाल

शिरूरहून चौफुल्याकडे जाणारी एस. टी. न्हावऱ्यास थांबली, की दार उघडण्यापूर्वीच खिडक्यांतून रुमाल आत पडतात. ज्याचा रुमाल त्याची जागा, हा आपल्याकडील अलिखित कायदाच होय. परंतु श्रोतेहो, ‘अपंगांसाठी’ वा ‘महिलांसाठी’ असे लिहिलेल्या आसनावर रुमालाचा हक्क कसा पोहोचावा? रुमाल फेकण्यास मोकळा हात लागतो. एकाच्या हाती कुबडी, दुसरीच्या कडेवर मूल. ही मंडळी दाराशी येतात ती सर्वांच्या मागून.

आणखी एक घोटाळा आहे. १९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे ७ प्रकार मानले होते. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. त्यांत सिकलसेल, हिमोफिलिया यांसारखे रक्ताचे विकारही आले. असा तरुण राखीव जागी बसला, तर लोक त्याच्या पायांकडे पाहून त्यास उठवू लागतात! खिशातले प्रमाणपत्र वाहकास दाखविता येते. सबंध गाडीस कसे दाखवावे?