परिचारिकेची परीक्षा आणि औषधाचे माप



कर्जतहून खोपोलीकडे जाणारा लोहमार्ग पुण्याच्या मुख्य मार्गापासून जेथे वेगळा होतो, ते पळसदरी. या परिसरातील एखाद्या गावातून किंवा ठाकूर-कातकरी वाडीतून बारावी झालेली मुलगी परिचारिकेच्या अभ्यासक्रमाकडे वळते, तेव्हा घरच्यांना चिंता असते ती शुल्काची आणि वसतिगृहाची. मुलीला स्वतःला धास्ती असते ती इंग्रजी पुस्तकांची. परंतु या शिक्षणातील एक अवघड भाग असा आहे की, त्याची तयारी गावच्या शाळेतच व्हावयास हवी. तो भाग म्हणजे औषधाच्या मात्रेचा हिशेब.

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ हे पाच नियम प्रत्येक विद्यार्थिनीस पाठ असतात. उत्तरपत्रिकेत ते लिहिले की गुण मिळतात. खाटेजवळ मात्र तेवढ्याने भागत नाही. पहिलाच नियम पाहावा. कातकरी वाड्यांतून वाघमारे, पवार, मुकणे, जाधव ही आडनावे घरोघर आढळतात. "तुम्हीच वाघमारे ना?" असे विचारले, तर तापाने ग्लानी आलेला माणूस सहज मान डोलावतो, सिस्टरना 'नाही' म्हणण्याचा त्याला संकोचही वाटतो. म्हणून "तुमचे पूर्ण नाव सांगा" असे विचारून ते केसपेपरशी ताडून पाहावयाचे असते. जन्मतारीख ठाऊक नसेल, तर वाडीचे नाव विचारावे.

मात्रेचा प्रश्न याहून नाजूक. दहा किलो वजनाच्या तापलेल्या मुलास डॉक्टरांनी १५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल द्यावयास सांगितले आहे, असे समजा. एका बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम औषध असते. तिच्यातून ६ मिलिलिटर द्यावे लागेल. दुसऱ्या बाटलीत तेवढ्याच द्रवात २५० मिलिग्रॅम. तेथे ३ मिलिलिटर पुरे. तान्ह्या मुलांसाठीच्या थेंबांच्या बाटलीत प्रत्येक मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असते. तेथे अवघे दीड मिलिलिटर. मूल तेच, औषध तेच, माप मात्र तीन प्रकारचे. बाटलीवरचे मोठे नाव वाचून बारीक अक्षरे वाचली नाहीत आणि थेंबांच्या बाटलीतून ६ मिलिलिटर दिले, तर मुलाच्या पोटात चौपट औषध जाते. घरातील चमच्याने औषध मोजणे हा त्याच चुकीचा घरगुती अवतार होय.

हा सारा हिशेब त्रैराशिकाचा आहे. सलाइनचे उदाहरण त्याच जातीचे. ५०० मिलिलिटर द्रव चार तासांत द्यावयाचा आणि नळीतून मिलिलिटरला २० थेंब पडत असतील, तर मिनिटाला सुमारे ४२ थेंब. १५ थेंब पडत असतील, तर सुमारे ३१. शिक्षकांनी वर्गात दूध आणि कापडाबरोबर अशी दोन उदाहरणे घातली, तर पुढे त्यांतल्या एखाद्या मुलीची औषधाच्या गणिताची भीती कमी होईल.

या हिशेबाचे महत्त्व पटवणारे उदाहरण याच जिल्ह्यातील आहे. जिल्ह्याचे नाव कुलाबा होते त्या काळात, १९७६ पासून, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाच्या रुग्णांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध या दंशावर उपयोगात आले आणि अनेकांचे प्राण वाचले. त्याची मात्रा वजनाच्या दर किलोस ३० मायक्रोग्रॅम. पंधरा किलोच्या मुलास ४५० मायक्रोग्रॅम, म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी. मायक्रो आणि मिली यांत हजारपटीचे अंतर आहे! शिवाय औषध दिल्यावर मुलास आडवे ठेवावे लागते. आईने मायेपोटी एकदम कडेवर घेतले, तर रक्तदाब घसरू शकतो. ही गोष्ट आईला तिच्या बोलीत पटवून देण्यात वाडीवरच्याच मुलीची बरोबरी बाहेरून आलेली परिचारिका क्वचितच करील.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधोपचारातील टाळता येण्याजोगी हानी कमी करण्यासाठी जगभर मोहीम सुरू केली. तिच्यातील काही गोष्टी अगदी साध्या आहेत. औषध मोजणाऱ्या परिचारिकेशी त्या वेळी बोलू नये, ही त्यांपैकी एक. उपकेंद्रात सिस्टर औषध भरीत असताना स्वाक्षरीसाठी कागद पुढे करणारे पदाधिकारी कमी नाहीत. इन्सुलिनचेच पाहा. ४० युनिटची कुपी आणि १०० युनिटची कुपी यांच्या सिरिंज वेगळ्या, टोपणांचे रंगही निराळे, लाल आणि नारिंगी. ४० च्या सिरिंजने १०० चे औषध भरले गेले, तर मात्रा अडीचपट होते. त्यास क्षणाचा व्यत्यय पुरतो.

इतके करूनही चूक होते. अशा वेळी प्रथम रुग्णाची नाडी, श्वास व शुद्ध पाहावी, लगेच डॉक्टरांना कळवावे आणि झाले ते जसेच्या तसे नोंदवावे, असे परीक्षेतील उत्तर आहे. प्रत्यक्षात दारात जमलेला जमाव पाहून नवी परिचारिका ते लपवते आणि पुढच्या पाळीची परिचारिका तीच मात्रा पुन्हा देते. तो जमाव बाहेर थांबवून ठेवणे पंचायत सदस्यांच्या हाती असते.