दिव्यावर जीव देणारा सरकारी कागद

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



‘निवडणुकीत एकाच्या गळ्यात, दुसऱ्याच्या पदरात.’ दोन अक्षरी शब्द आहे. सांगा पाहू! बरोबर, हार. जिंकणाऱ्याच्या गळ्यात पडतो तो हार आणि हरणाऱ्याच्या पदरात पडते तीही हार. एक पुल्लिंगी, दुसरी स्त्रीलिंगी, अक्षरं मात्र तीच. एवढ्याशा गमतीसाठी मी गेली कित्येक वर्षं रोज सकाळचा अर्धा तास खर्च करतो आहे. घरचे म्हणतात, कवितेचं मानधन निदान कधीमधी येतं, कोड्याचं तर तेही येत नाही. बसस्थानकावर गाडीची वाट पाहत मी पेन्सिल चालवत असलो, की शेजारचा हमखास विचारतो, “काय करून रायले भाऊ? हिशेब लावून रायले काय?” हिशेबच म्हणायचा तो. फक्त शब्दांचा.

साधं शब्दकोडं आपल्या सगळ्यांच्या परिचयाचं आहे. ‘बुलढाणा जिल्ह्यात उगम पावणारी नदी, अक्षरं चार.’ आपण पैनगंगा लिहून मोकळे होतो. ठाऊक असेल तर आलं, नसेल तर शेजारी आहेच. गूढ शब्दकोड्याची तऱ्हा वेगळी. तिथे माहितीला फारसा भाव नसतो. दिलेलं वाक्य आपण कसं वाचतो, यावर सगळं अवलंबून असतं. त्या वाक्यात दोन गोष्टी दडलेल्या असतात. एका टोकाला शब्दाचा सरळ अर्थ, आणि उरलेल्या भागात तोच शब्द अक्षरांतून जुळवायची कृती. दोन्हींचं उत्तर एकच यायला हवं.

उदाहरण घ्या. ‘आमराईत सापडलेली मोहरी’, अक्षरं दोन. आपलं मन लगेच आंब्याच्या झाडाखाली जातं, मोहरी कुठे सांडली ते शोधू लागतं. तिथे जायचंच नाही. ‘आमराईत’ हा शब्द नुसता डोळ्यांनी पाहायचा. आ, म, रा, ई, त. मध्ये ‘राई’ बसलेली आहे, आणि राई म्हणजे मोहरी. दुसरं बघा : ‘खामगावात दडली आहे दिव्याची सोबतीण’, अक्षरं दोन. खामगावची कापसाची बाजारपेठ आपल्याला आठवते, पण उत्तर त्या शब्दाच्या शेपटीतच आहे. वात. तिसरं मला फार आवडतं : ‘रजनी विस्कटली की दिसतं कमळ’, अक्षरं तीन. र, ज, नी ही अक्षरं विस्कटून पुन्हा मांडा. नीरज. रात्र सरली आणि तळ्यात कमळ दिसलं.

या खेळाचा पाया एकाच नियमावर उभा आहे. कोडं रचणाऱ्यानं दिशाभूल जरूर करावी, पण खोटं बोलू नये. वाक्यातला प्रत्येक शब्द कामाचा हवा, आणि उत्तर कळल्यावर सोडवणाऱ्याच्या तोंडून ‘फसवलं लेकाच्यानं’ याऐवजी ‘अरे, हे तर समोरच होतं’ असं यायला हवं. आपल्या लोणारचंच पाहा ना. चहूकडे ज्वालामुखीचा काळा खडक, म्हणून मधलं सरोवरही ज्वालामुखीचंच, असा सरळ अर्थ बरीच वर्षं लावला गेला. पुढे खडकातल्या आघाताच्या खुणा तपासून १९७३ मध्ये संशोधकांनी मांडलं, की हा खड्डा आकाशातून आलेल्या उल्केनं पाडला आहे. दगड काही खोटं बोलत नव्हता. आपण त्याला घाईनं वाचलं होतं.

चौकटींचं शब्दकोडं जन्मलं अमेरिकेत. २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात आर्थर विन यांचं कोडं छापून आलं. त्याला गूढ वळण दिलं इंग्रजांनी. १९२६ पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये एडवर्ड पॉईस मॅथर्स हे कोडी रचू लागले. त्यांनी टोपणनाव घेतलं टॉर्केमाडा. हा स्पेनमधला छळासाठी कुप्रसिद्ध असलेला धर्माधिकारी. यावरून त्यांच्या कोड्यांची कल्पना यावी! १ फेब्रुवारी १९३० ला लंडनच्या ‘टाइम्स’नं कोडं सुरू केलं. आपल्याकडे ‘द हिंदू’नं १९७१ मध्ये ते सुरू केलं आणि पुष्कळ भारतीयांना त्याची गोडी लागली.

पण मंडळी, ही विद्या आपल्याला परकी आहे असं मला कधी वाटलं नाही. वाल्या कोळ्याची कथा आठवा. त्याच्या तोंडी ‘राम’ येईना, तेव्हा त्याला ‘मरा, मरा’ म्हणायला सांगितलं. म, रा. उलटं वाचा, रा, म. अक्षरं उलटवून अर्थ पालटायची याहून जुनी आणि याहून मोठी गोष्ट मला दुसरी माहीत नाही. महाभारत सांगताना गणपतीच्या लेखणीला विसावा घ्यायला लागावा म्हणून व्यासांनी मध्येमध्ये कूट श्लोक पेरले, अशी कथा आहे. मुक्ताबाईंचे कूट अभंग आहेत, नाथांची भारुडं आहेत. महानुभावांनी तर आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपीत जपले. मात्र सांकेतिक लिपी आणि गूढ कोडं यांत एक फरक आहे. लिपी परक्यासाठी दार लावून घेते. कोडं दार किलकिलं ठेवतं आणि आत कोण येतं ते पाहत बसतं.

माझ्या घरातल्या दुसऱ्या बाजूनंही हा वारसा आला. अमीर खुसरोंच्या नावावर असलेल्या मुकऱ्या घरात ऐकल्या. एक सखी दुसरीला असं काही वर्णन सांगते, की ऐकणारीला वाटावं ही साजणाबद्दल बोलते आहे. तिनं तसं विचारताच पहिली साफ मुकरते आणि भलतीच वस्तू पुढे करते. गंमत अशी, की वर्णन दोघांनाही लागू पडतं. फारसीत ‘मुअम्मा’ नावाचा काव्यप्रकार आहे. ओळीत एखादं नाव अक्षराअक्षरानं दडवायचं. पंधराव्या शतकातल्या जामी या थोर कवीनं या विद्येवर पुस्तिका लिहिल्या. तोच शब्द पुढे उर्दूत शब्दकोड्याला मिळाला. दिल्लीहून ‘शमा’ नावाचं उर्दू मासिक निघत असे. १९३९ मध्ये सुरू झालेलं हे मासिक १९९९ मध्ये बंद पडलं. त्यातला ‘अदबी मुअम्मा’ आमच्या अब्बांसारखे कितीतरी लोक भक्तिभावानं भरत. बक्षीस कधी लागलं नाही, पण एकेका शब्दावर ओट्यावर जी चर्चा रंगायची, ती अजून कानात आहे.

बक्षिसांच्या कोड्यांचा मात्र एक काळा अध्यायही आहे. स्वातंत्र्याच्या आगेमागे देशभर त्यांचं वेड पसरलं. प्रवेश फी भरायची, कूपन कापून पाठवायचं आणि हजारोंच्या बक्षिसाची वाट पाहायची. एकाच जागी दोन-दोन शब्द बिनदिक्कत बसत. आयोजकांच्या ठरलेल्या उत्तराशी जुळला तो बरोबर, बाकीचे चूक. मुंबई सरकारनं १९४८ मध्ये कायदा केला. १९५५ च्या केंद्रीय कायद्यानं महिन्याला हजार रुपयांहून जास्त बक्षिसं देणाऱ्या स्पर्धांवर बंदी घातली. चमारबागवाला नावाचे शब्दकोडे स्पर्धांचे चालक त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. एप्रिल १९५७ मध्ये निकाल लागला. नशिबावर चालतो तो जुगार, आणि यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असतं ती स्पर्धा वेगळी, अशी रेघ न्यायालयानं ओढली. मला ही रेघ फार महत्त्वाची वाटते. जुगारी कोड्यात उत्तर मालकाच्या मनात असतं. प्रामाणिक कोड्यात ते वाक्यातच असतं, आणि ते बरोबर आहे की नाही हे सोडवणाऱ्याला कुणाला न विचारता कळतं.

आता मराठीची अडचण सांगतो. इंग्रजीत एका चौकटीत एक अक्षर, आणि अक्षरं सगळी मिळून २६. आपल्याकडे चौकटीत बसतं ते मात्रा-वेलांटीसकट अक्षर. व्यंजनांची बाराखडी मांडली तरी संख्या चारशेच्या आसपास जाते, जोडाक्षरं वेगळीच. आडव्या शब्दातला ‘की’ उभ्या शब्दालाही ‘की’च लागतो, ‘कि’ चालत नाही. म्हणून मराठी कोड्यात काळी घरं जास्त, शब्द आखूड. रचणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. पण या अडचणीतच मराठीची लज्जत आहे. जिथे आडवा आणि उभा शब्द एकमेकांना छेदतात, ते अक्षर दोघांच्या मालकीचं असतं. मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांच्या ज्या संग्रहाला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्याचं नाव ‘खूणगाठी’. चौकटीतल्या या सामायिक अक्षरांना मी मनातल्या मनात खूणगाठीच म्हणतो.

या खूणगाठींनी मला एक मोठा धडा दिला. ‘महिन्यातला नेमका दिवस’, अक्षरं तीन. काय लिहाल? कुणी म्हणेल तारीख. ता, री, ख. कुणी म्हणेल दिनांक. दि, नां, क. दोन्ही तीन अक्षरी, दोन्ही मराठी. एक अरबी-फारसीतून चालत आला आणि शतकानुशतकं इथेच राहिला. दुसरा सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतून आला. सभेत यावरून भांडणं होतील. पण चौकटीत भांडायची सोय नाही. मधल्या घरात ‘री’ आली असेल तर तारीख, ‘नां’ आला असेल तर दिनांक. कोण शुद्ध, कोण जुना, कोण कुठून आला, हे तिथे कुणी विचारत नाही. कोणता शब्द बरोबर, ते त्याच्या शेजाऱ्याशी तो कसा जुळतो यावर ठरतं.

मी हे हौसेनं सांगत नाही. एका कविसंमेलनात माझी ओळख करून देताना सूत्रसंचालक म्हणाले, “हे मूळचे उर्दूचे शायर, पण मराठीतही छान लिहितात.” मी आयुष्यात उर्दूत कवितेची एक ओळ लिहिलेली नाही. उर्दू वाचतो, तिच्यावर प्रेम करतो, पण शाळा मराठी, बी.ए. मराठी घेऊन, आणि रागावतो तेव्हा तोंडून येते ती वऱ्हाडी. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांनी नाव वाचलं आणि वरवरचा अर्थ लावला, जसा आपण आमराईत मोहरी शोधायला जातो तसा. पुढे कार्यक्रमात कविता झाली, टाळ्याही मिळाल्या. तरी ते ‘मराठीतही’ मधलं ‘ही’ मला रात्रभर टोचत राहिलं. एक अक्षर, पण त्यानं मला माझ्याच भाषेच्या घरात पाहुणा करून टाकलं होतं.

अशा वेळी मला माधव ज्यूलियनांचं मोठं काम आठवतं. माधव त्रिंबक पटवर्धन हे फारसीचे प्राध्यापक आणि मराठीचे कवी. त्यांनी १९२५ मध्ये ‘फारशी-मराठी कोश’ सिद्ध केला. पुढे ते स्वतः भाषाशुद्धीकडे वळले, हे खरं. पण मराठीनं बाहेरून आलेले किती शब्द पोटाशी धरले, याची नोंद त्या कोशात कायमची झाली. हवा, जमीन, बाग, दुकान, शाई, गुलाब. यातला कोणता शब्द ‘मराठीतही’ आहे आणि कोणता नुसताच मराठीत आहे, हे कोण सांगू शकेल?

याच विचारातून एकदा एक कोडं सुचलं. ‘दिव्यावर जीव देणारा सरकारी कागद’, अक्षरं चार. तहसीलमध्ये रांग लावून मिळवतात तो कागद, आणि शायरीत शमेभोवती फिरत जळून जातो तो पतंग. परवाना. प, र, वा, ना. मराठी माणसाला पहिला अर्थ आधी आठवेल, उर्दूवाल्याला दुसरा. शब्दाला त्याचं काही सोयरसुतक नाही. तो दोन्ही घरी जेवतो आणि दोन्ही घरचा म्हणवतो. कोडं पुरं सुटतं ते मात्र दोन्ही अर्थ माहीत असलेल्यालाच, किंवा एक अर्थ शेजाऱ्याला विचारायची तयारी असलेल्याला.

म्हणून तरुण श्रोत्यांना माझं सांगणं आहे, रोज एक तरी कोडं सोडवा. शब्दसंपत्ती वाढेल, वगैरे फायदे आहेतच. त्याहून मोठा फायदा हा, की पहिल्या अर्थावर थांबू नये ही सवय लागते. एखादं वाक्य ऐकून माथं भडकलं, एखादं नाव वाचून मत बनलं, तर मन आपणहून म्हणतं, थांब, हे दुसऱ्या बाजूनंही वाचून बघ. आजच्या दिवसांत एवढी सवयसुद्धा थोडी नाही.

जाता जाता एक कोडं ठेवून जातो. ‘नेहमीच उलट वागणारा नोकर’, अक्षरं दोन. वाल्या कोळ्यानं केलं तेच करा. उत्तर मी सांगणार नाही, कारण ते बरोबर आलं की तुमचं तुम्हालाच कळेल.